मुक्या जिवाचे पथ्य

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत दरवर्षी आपल्यापैकी एखादीने अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि उभे राहून बोलण्याची सवय नाही. मी चिटणीसबाईंना म्हटले, "मी काय बोलणार?" तर त्या म्हणाल्या, "तुमच्या मोत्याचे खाणे कसे बदललेत ते सांगा. गल्लीत घरोघर कुत्री आहेत आणि घरोघर त्यांची जेवणाची नाटके आहेत." तेव्हा विषय चिटणीसबाईंचा आणि शब्द माझे, असे समजून ऐकून घ्यावे.

मोत्या तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. पांढरा, केसाळ, वजनाने नऊ किलो. आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे बंगळूरला राहायला गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी त्याला आमच्या ओटीत घातले. आमच्या कोल्हापूरचा तो खरा खवय्या. घरात रस्सा असला की त्याला वास दुरून लागतो, आणि ताटलीत कोरडे खाणे घातले की हा तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसतो. पाहुण्यांना त्याची गंमत वाटे. हे तर कौतुकाने म्हणत, "मागच्या जन्मीचा संस्थानिक आहे!"

पण २०२४ च्या पावसाळ्यात ही गंमत राहिली नाही. मोत्या लघवीला सारखा पाय उचलू लागला आणि थेंबही पडेना. जनावरांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तर मुतखडा निघाला. नर कुत्र्याची लघवीची नळी बारीक असते. तीत खडा अडकला तर जीव धोक्यात येतो. ऑपरेशन झाले. काढलेला खडा तपासायला पाठवला. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. काही खडे विशिष्ट खाण्याने विरघळतात, हा विरघळत नाही आणि पुन्हा होण्याची खोड असलेला आहे, असे डॉक्टरांनी समजावले. उपाय दोन. पोटात पाणी भरपूर जायला हवे, आणि त्यांनी सांगितलेले वेगळे कोरडे खाणे हवे. त्यावर दुसरे काही नाही, बिस्कीटसुद्धा नाही.

म्हणजे ज्या प्राण्याला ओळखीचे कोरडे खाणेही पसंत नव्हते, त्याला अनोळखी कोरडे खाणे आयुष्यभर खायला शिकवायचे होते. आणि शिकला नाही तर पुन्हा ऑपरेशन. हा पेच आम्ही कसा सोडवला, तेवढेच सांगणार आहे.

आधी एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. खाण्याची खोड वेगळी आणि आजार वेगळा. कुत्रा पहिल्यापासून निवडून खात असेल, पण उड्या मारत असेल, डोळे तरतरीत असतील, वजन ठीक असेल, तर ती खोड. पण नेहमी खाणारा कुत्रा एकाएकी खाईनासा झाला तर त्याला हट्टी म्हणू नये. दात किंवा हिरड्या दुखत असतील, पोट बिघडले असेल. आपल्याकडे तर गोचिडांमुळे येणारा ताप फार. त्यात पहिली अन्नावरची वासना जाते. उलट्या, जुलाब, मलूलपणा यांपैकी काही दिसले की लगेच डॉक्टर. एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या कुत्र्यानेही पुरा एक दिवस काही खाल्ले नाही तरी डॉक्टरांना विचारावे. लहान पिलाच्या बाबतीत तर एवढीही वाट पाहू नये.

आता हे कोरडे खाणे म्हणजे काय, ते थोडे सांगते. आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटे की हे अलीकडचे खूळ आहे. माझ्या मुलीने वाचून दाखवले की, १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने गहू, बीट, भाज्या आणि मांस मिळून कुत्र्यांची बिस्किटे करून विकायला काढली. हल्लीचे फुगीर दाणे अमेरिकेत १९५७ साली बाजारात आले. ते करण्याची रीत आपल्या मक्याच्या पोंग्यांसारखी आहे. पीठ आणि मांस यांचा गोळा वाफेवर शिजवत, दाबून बारीक भोकातून बाहेर काढतात. बाहेर येताच तो फुगतो. मग त्याचे तुकडे पाडतात, वाळवतात, आणि शेवटी वरून चरबी फवारतात.

ही शेवटची गोष्ट आपल्या कामाची आहे. दाण्याला वास येतो तो बराचसा त्या वरच्या चरबीचा. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या गाठी आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. आपल्या नऊ हजारांच्या आसपास, तर त्याच्या सतराशेच्या आसपास. पण नाक आपल्या कित्येक पटींनी तिखट. तो आधी नाकाने जेवतो आणि मग तोंडाने. पिशवी उघडी राहिली, दाणे सर्दावले, चरबीला खवट वास आला, की आपल्याला काही कळत नाही, पण त्याला पहिल्या हुंगण्यात कळते. आपण म्हणतो, बघा, नखरे करतो. म्हणून पिशवी मोठी स्वस्त पडते म्हणून आणू नये. महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढीच आणावी. दाणे तिच्याच पिशवीत ठेवून, तोंड घट्ट दुमडून, पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवावी. आपल्या पावसात तर हे हवेच. आणि मुंग्यांसाठी कुत्र्याची ताटली पाण्याच्या परातीत ठेवावी, आपण दुधाचे पातेले ठेवतो तशी.

आता खाणे बदलण्याची रीत. कुत्र्याचे पोट सवयीचे गुलाम असते. रोजचे खाणे एका दिवसात बंद करून नवे घातले तर आतड्याला ते झेपत नाही आणि जुलाब होतात. मग आपल्याला वाटते, हे खाणे त्याला सोसत नाही. म्हणून चार भागांचा हिशेब ठेवावा. पहिले तीन दिवस तीन भाग जुने आणि एक भाग नवे. पुढचे तीन दिवस निम्मे-निम्मे. त्यापुढचे तीन दिवस एक भाग जुने आणि तीन भाग नवे. दहाव्या दिवसापासून सगळे नवे. मध्येच शौचाला पातळ झाले तर पुढची पायरी चढू नये. आहे त्याच हिशेबावर दोन दिवस जास्त थांबावे. मोत्याचे चौथ्या दिवशी असे झाले. म्हणून आम्हाला दहाऐवजी चौदा दिवस लागले. दिवस जास्त लागले म्हणून काही बिघडत नाही.

माप डोळ्यांनी करू नये. पिशवीवर वजनाप्रमाणे कोष्टक असते, आणि आजारी कुत्र्याचे माप डॉक्टर देतात. मोत्याला दिवसाला १३० ग्रॅम, दोन वेळा मिळून. मी रोज सकाळी काट्यावर मोजून एका डब्यात काढते. तो डबा म्हणजे त्याचा दिवस. डबा संपला की दिवस संपला.

निवडून खाणाऱ्या कुत्र्याची हुशारी विचारू नका. मिसळलेल्या दाण्यांतून मोत्या जुने तेवढे टिपून खाई आणि नवे ताटलीबाहेर ओळीने मांडून ठेवी. त्यावर उपाय हा केला. जुने आणि नवे दाणे आदल्या रात्रीच मापाने एकत्र करून डब्यात बंद केले, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याला लागतो. सकाळी त्यावर अर्धी वाटी कोमट पाणी घालून दहा मिनिटे झाकून ठेवले. कोमट म्हणजे बोट सोसेल इतपतच. दाणे मऊ होतात, वास फुलतो, आणि वेगळे काढून टाकण्याची सोय राहत नाही. शिवाय पोटात पाणी जाते. कोरड्या दाण्यांत पाणी शंभरात दहा भागच असते. म्हणून असे जेवणाऱ्या कुत्र्याला पिण्याचे पाणी मुबलक हवे. आम्ही घरात दोन ठिकाणी भांडी ठेवली आहेत. भिजवलेले खाणे उरले तर ते ठेवून देऊ नये, आंबते. टाकून द्यावे.

ताटली ठेवायची ती ठरल्या वेळी, फेरफटका मारून आणल्यावर. पंधरा-वीस मिनिटे ठेवायची. खाल्ले तर उत्तम. नाही खाल्ले तर न रागावता, न विनवता उचलायची. मध्ये काही नाही, पुढच्या वेळी पुन्हा तेच.

भगिनींनो, इथपर्यंत सगळे सोपे आहे, आणि हे कुणीही डॉक्टर तुम्हाला सांगतील. अवघड पुढे आहे. कुत्र्याला भाषा येत नाही, पण हिशेब येतो. ताटलीकडे पाठ फिरवली की चपाती येते, चपातीकडे पाठ फिरवली की दूध-चपाती येते, आणि तरीही बसून राहिले की रश्शातला तुकडा येतो, हे त्याने एकदा पाहिले की तो विसरत नाही. नाक मुरडले की ताट बदलते, एवढा एकच धडा तो शिकलेला असतो, आणि तो धडा त्याला माणसांनी दिलेला असतो. आमच्या घरात माणसे पाच. माणसे पाच म्हणजे हात पाच. एका हाताने पथ्य पाळायचे आणि चार हातांनी लाड करायचे, तर मोत्या कुणाचे ऐकणार? खाणे त्याचे बदलायचे होते, पण सवय पाच माणसांची बदलायची होती.

यांना आणि मुलांना डॉक्टरांनीच समोर बसवून खडा दाखवला. तो बाटलीतला खडा पाहिल्यावर त्यांचे हात आपोआप आवरले. प्रश्न आईंचा होता. आईंचे वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरता येत नाही. हे कामावर, मुले कॉलेजात, मी शिवणाच्या मशिनीवर. दिवसभर आईंच्या पायाशी असतो तो मोत्या. जेवताना त्या आपल्या चपातीचा शेवटचा तुकडा दुधात बुडवून त्याला देत, आणि त्या तुकड्यासाठी तो दारातून धावत येई. मी त्यांना डॉक्टरांचे म्हणणे सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी माझ्या घासातला घास काढून देते. त्यालाही आता माप लावलेस का?"

यावर काय उत्तर द्यावे? तुकडा एवढासा, पण नऊ किलोच्या जिवाला तो एवढासा नसतो. आपली एक चपाती म्हणजे त्याच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. दुधाने पुष्कळ मोठ्या कुत्र्यांचे पोट बिघडते, कारण वयात आल्यावर त्यांना दूध पचवणे जड जाते. हे सगळे मी आईंना सांगू शकत होते. पण त्यांचा प्रश्न चपातीचा नव्हता. त्यांच्याकडून ते एक काम काढून घेतले, तर त्यांच्या दिवसात राहिले काय, असा तो प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाणे मोजले आणि डबा आईंच्या पुढे ठेवला. म्हटले, "आई, आजपासून मोत्याचे जेवण तुम्ही घालायचे. घड्याळ तुमच्याकडे, ताटली तुमच्याकडे. आणि यातले दहा-बारा दाणे बाजूच्या वाटीत ठेवा. तुमच्या जेवणाच्या वेळी तुमच्या हाताने ते द्या. ते याच डब्यातले आहेत, तेव्हा पथ्यही मोडत नाही." आईंनी डबा उघडून वास घेतला, नाक मुरडले आणि म्हणाल्या, "मला रक्तदाबासाठी अळणी घालतेस, आता याचीही पाळी आली म्हणायची!" पण डबा त्यांनी आपल्या खाटेजवळ ओढून घेतला.

सहाव्या दिवशी कसोटीची वेळ आली. निम्मे-निम्मे चालू होते. संध्याकाळी मोत्याने ताटली हुंगली आणि आईंच्या खाटेखाली जाऊन बसला. वीस मिनिटे झाली. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पण पुढे गेले नाही. आई काठी टेकत उठल्या, ताटली उचलली आणि झाकून बाहेर ठेवली. रात्री आपण जेवताना तो त्यांच्या पायाशी येऊन बसला, तोंडाकडे बघत राहिला. त्यांनी चपातीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, "सकाळी खाईल. माझी पोरेही अशीच होती." वाटीतले दहा दाणे त्यांनी पुढे केले. दोन त्याने खाल्ले, बाकी सोडले.

सकाळी त्याने निम्मी ताटली खाल्ली आणि संध्याकाळी सगळी. त्यानंतर पुन्हा तसा प्रसंग आला नाही. चौदाव्या दिवशी ताटलीत सगळे नवे दाणे होते आणि ती चाटून पुसून स्वच्छ होती. आजही आईंच्या जेवणाच्या वेळी तो तसाच धावत येतो, आणि आईंच्या हातून दाणे खातो. त्याला हवा होता तो त्यांचा हात. त्या हातात काय आहे, हे तो आता फारसे बघत नाही.

वजन आम्ही घरीच बघतो. मी त्याला उचलून वजनकाट्यावर उभी राहते, मग एकटी उभी राहते, आणि वजाबाकी करते. नऊ किलो होते ते नऊच आहे. ऑपरेशननंतर ज्या तपासण्या झाल्या त्यांत खडा दिसलेला नाही. पुढे कधी होणारच नाही, असे डॉक्टरही म्हणत नाहीत. म्हणून तपासणी चालू आहे आणि पथ्यही चालू आहे. मात्र हे विशेष खाणे मोत्याच्या आजाराचे आहे. ते आपल्या कुत्र्याला मनाने सुरू करू नये. खाणे कोणते हे डॉक्टरांना विचारावे. बदलण्याची रीत मात्र कोणत्याही खाण्याला हीच.

आता शेवटी एक विनंती, आणि ती या सभेपुढेच करायची आहे. पाच हात घरातले झाले, पण मोत्याचे खाते गल्लीत आठ-दहा दारांशी आहे, हे मला ठाऊक आहे. कुणाकडे तो सकाळच्या चहाच्या बिस्किटासाठी जातो, कुणाकडे रविवारी हाडासाठी. तुमची माया मला कळते. पण शिजवलेले हाड फुटून त्याच्या टोकदार काड्या होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. आपल्या रश्शातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. मनुका, बेदाणे, द्राक्षे आणि चॉकलेट तर त्यांना विषासारखे. हे मोत्यापुरते नाही, सगळ्याच कुत्र्यांना लागू आहे. वरचे चारणे धडधाकट कुत्र्यालाही दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे, असे डॉक्टर सांगतात. मोत्याला तर तेही नाही.

म्हणून तो दारात आला तर त्याला हाकलू नका. त्याच्याशी बोला, पाठीवरून हात फिरवा, पाणी ठेवा. पाणी त्याला हवेच आहे. आणि काही द्यावेसेच वाटले तर आमच्या घरी या. आईंच्या खाटेजवळ त्याचा डबा आहे. त्यातले चार दाणे आई तुमच्या हातावर ठेवतील, ते तुम्ही त्याला द्या. आईंनाही तेवढीच सोबत होईल.